मांजरीची घाण गटारात नको, मातीत जाऊ द्या!



'माझी आवडती मांजर' हा निबंध आपण मुलांकडून दरवर्षी लिहून घेतो. तिचे घारे डोळे, मऊ केस, उंदीर पकडणं, सगळं त्यात येतं. पण तिची शी-शू कुठे जाते, हे कुठल्याच निबंधात नसतं. विषय ऐकून नाक मुरडू नका. स्वच्छतेचा खरा धडा इथेच आहे.

पूर्वी मांजर परसात जायची आणि स्वतःच माती उकरून झाकायची. आता जळगाव-धुळ्यातही फ्लॅट वाढले, परस गेलं आणि दुकानातून 'कॅट लिटर'ची पिशवी घरात आली. यात बहुतेक वेळा बेंटोनाइट नावाची माती असते. गुजरातमधल्या कच्छमध्ये तिच्या खाणी आहेत. ओल लागली की ती फुगते आणि तिचे गोळे होतात. संडासात टाकली तर पाईप तुंबतो. ती खनिज असल्यामुळे कुजून खतही होत नाही.

मग वापरायचं काय? माझं स्पष्ट मत आहे, आपल्या खान्देशात मिळतं तेच! सॉ मिलमधला लाकडाचा भुसा, शेंगांची कुटलेली टरफलं, जुन्या वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, चुलीची थंड झालेली राख. हे काही गावंढळपण नाही. अमेरिकेत १९४७ मध्ये एड लोव यांनी मांजरीसाठी खास माती विकायला सुरुवात केली, तीसुद्धा मुलतानी मातीच्या जातीची. त्याआधी तिकडेही लोक राख, वाळू आणि भुसाच वापरत होते.

विल्हेवाट लावताना एवढं पाळा

१) मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. प्रत्येक मांजरीत तो असतोच असं नाही, म्हणून घाबरून तिला घराबाहेर काढू नका. विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो साधारण १ ते ५ दिवसांनी संसर्गजन्य होतो. म्हणून घाण रोजच्या रोज काढा, नंतर साबणाने हात धुवा. गरोदर बाईला हे काम अजिबात सांगू नका.

२) अंगण असेल तर हात-दीड हात खोल खड्डा करून पुरा. विहीर, बोअर आणि भाजीचा वाफा यांच्यापासून लांब. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून वरून माती चांगली दाबा.

३) घरच्या किंवा शाळेच्या खतखड्ड्यात ही घाण टाकू नका. तिथे पुरेशी उष्णता तयार होत नाही, आणि ते खत आपण मेथी-कोथिंबिरीला घालतो.

४) फ्लॅट असेल तर कागदात घट्ट गुंडाळून, वेगळी ठेवून घंटागाडीत द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. मांजरीच्या घाणीलाही तोच न्याय लावावा असं मला वाटतं. कारण ओल्या कचऱ्यात ती मोकळी टाकली, तर कुणाचा तरी हात त्यात जातो. तो हात सफाई कामगाराचा असतो, आपला नसतो.

५) गटारात किंवा नाल्यात तर नकोच. धुळ्याचा नाला पांझरेलाच मिळणार ना! या परजीवीमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं दगावल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. घरातली घाण पाण्यावाटे किती लांब जाते बघा.

काही जण म्हणतील, रस्त्यावरची मांजरं कुठेही घाण करतात, मग आम्हीच का एवढं करायचं? बरोबर आहे. म्हणूनच बांधकामाच्या वाळूचा ढीग झाकून ठेवा. मांजरं तिथे जातात आणि आपली पोरं त्याच वाळूत किल्ले करतात. पण दुसऱ्याची मांजर दाखवून आपली जबाबदारी संपत नाही.

गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावं झाडायचे. त्यांच्या जयंतीला आपण भाषणं देतो. भाषणाइतकंच हे रोजचं काम मोलाचं आहे.

उपक्रम : परिसर अभ्यासाच्या तासाला भुसा, कागदाचे तुकडे आणि टरफलं समान वजनाची घ्या. प्रत्येकावर सारखंच पाणी ओता. कोण जास्त शोषतं ते मुलांना वहीत लिहू द्या. आणि पुढच्या निबंधात एक वाक्य वाढवायला सांगा : "माझ्या मांजरीची घाण आम्ही अशी साफ करतो."