आगगाडीचा लांबचा प्रवास

सानगडीहून पुण्यास शिक्षणासाठीं निघालेल्या विद्यार्थ्यांस हल्ली नागपुराहून विमानानें जाण्याचा मोह होतो. विमानानें वेळ वांचतो, हें खरें. आजारपणांत अथवा निकडीच्या प्रसंगीं तेंच योग्य. तथापि पहिलें प्रस्थान तरी आगगाडीनें व्हावें, असें आमचें मत आहे.

गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस भंडारा रोड स्थानकावर थांबते. तिची वाट सुमारें १,३५० किलोमीटरांची. चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो, पण महाराष्ट्राची सीमा कोठेंही ओलांडावी लागत नाहीं. आमच्या धानाच्या बांध्या मागें पडतात, वऱ्हाडांतील कापसाचें काळें रान येतें, मग भुसावळकडील केळीच्या बागा, आणि दौंडाजवळ ऊंस. शेजाऱ्याची बोली बदलत जाते. शिदोरी मात्र वांटून खाल्ली जाते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां पुण्यामुंबईंत अधिकारी होईल. भंडारा किती दूर आहे, हें त्यास केवळ नकाशावरून ठाऊक असून भागणार नाहीं. ज्यानें तें अंतर बांकावर बसून काढिलें, तो या टोंकाच्या माणसांस सहसा विसरणार नाहीं.