शाईच्या रेघेतला जवान



टोपी, मिशा आणि खांद्याला बंदूक, की झाला मुलांचा सैनिक! पण आपल्या गावात पायदळातून निवृत्त झालेले कुणी असतील, तर मुलाला टाक आणि काळी शाई देऊन त्यांच्यासमोर बसवा. शाईची रेघ खोडता येत नाही, म्हणून प्रत्येक तपशील आधी विचारावा लागतो. हे विचारणे हाच या चित्राचा मोठा लाभ.

प्रथम पेन्सिलीने पुसट आकृती काढावी. मग शाई, आणि ती पुरती वाळल्यावरच खोडरबर. उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून वरून सुरुवात करावी व हाताखाली टिपकागद ठेवावा, म्हणजे ओली रेघ फिसकटत नाही. सावलीसाठी शाई फासू नये. रेघा जवळजवळ ओढाव्यात. बाहीवरच्या रेघा दंडाच्या गोलाईने वळवाव्यात. उतारावरचे समपातळी बांध आठवा. जमीन वळेल तसा बांध वळतो, म्हणून लांबूनही चढउतार कळतो.

आता तपशील. दंडावर दोन फिती नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. १९६२ च्या लढाईतल्या थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट उजव्या बाजूला असे; १९७१ मधल्या एस.एल.आर.ची ओढायची मूठ डाव्या बाजूला. अंदाजाने काढणारा नेमका इथे चुकतो.

शस्त्राआधी हकीकतही विचारा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन जखमी साथीदारांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांतून सुरक्षित जागी नेले. मग एकट्याने शत्रूवर चाल केली. हाताला जखम होऊन टॉमी गन चालेना, तेव्हा ती टाकून हातबाँबनी पुढची ठाणी मोडली. त्या घडीचे चित्र काढताना हातात बंदूक दिली, तर ते रेखीव होईल, पण खरे होणार नाही.

१९७१ ला लढलेले जवान आज पंचाहत्तरीच्या घरात किंवा पुढे आहेत. पुष्कळजण घरात लढाईचे बोलत नाहीत. पण नातवाने किंवा नातीने टाक हातात धरून "आजोबा, हा पट्टा कुठून कुठे जातो?" असे विचारले, तर गोष्ट निघू शकते. चित्र जमो न जमो. त्याखाली आजोबांचे नाव, पलटण आणि साल मात्र शाईनेच लिहून ठेवा.