नेट जाते-येते : दोष आहे कोठे?



घरात कॉम्प्युटर आला, वायरचे इंटरनेट आले आणि त्यांच्यामागून एक नवे दुखणेही आले. मुलगी अर्ज भरीत असते आणि मध्येच नेट जाते. दोन मिनिटांनी आपोआप येते. तासाभराने पुन्हा जाते. कायमचे बंद पडले तर केबलवाल्याला दाखविता तरी येते. येथे मात्र तो दारात आला की सर्व सुरळीत चालू असते! गेल्या काही महिन्यांत आमच्या वस्तीतील चार-पाच घरांतून हीच तक्रार कानी आली. म्हणून आजचे सदर या विषयाला दिले आहे.

हा चैनीचा विषय आहे असे कोणी समजू नये. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. कॉलेजचे प्रवेश, नोकरभरतीचे अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र हे सारेही नेटवरच. शेवटच्या तारखेच्या रात्री जातीचा दाखला जोडताना नेट गेले, तर त्या घराचे वर्षभराचे नुकसान होऊ शकते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली, वसतिगृहातील मोबाइलच्या निर्बंधांविरुद्ध दाद मागणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क मान्य झाला ही चांगलीच गोष्ट. पण घरातली वायर काही न्यायालय तपासून देणार नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

दुसरी बाजू पैशाची. नेट मध्येच जाऊ लागले की केबलवाला म्हणतो, "आमची लाइन ओके आहे, तुमचा कॉम्प्युटर जुना झाला." दुकानदार म्हणतो, "कॉम्प्युटर ठीक आहे, लाइनच खराब." दोघांच्या मध्ये सापडते ते कुटुंब. मग कोणी नवा राऊटर घेतो, तर कोणी हप्त्यावर नवा कॉम्प्युटर. आपल्या घरांतून बहुधा कचेऱ्यांनी काढून टाकलेले जुने कॉम्प्युटर येतात. त्यांतल्या पुष्कळांना वायफाय नसते, म्हणून वायरवाचून इलाजच नसतो. तेव्हा आमचे पहिले सांगणे हे की, दोष कोठे आहे ते ठरेपर्यंत खिशात हात घालू नका.

आम्ही इंजिनिअर नव्हे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि काम कारकुनाचे. पण तेरीज जुळली नाही म्हणून कारकून सगळी वही फाडून नवी लिहीत नाही. तो एकेका पानाची बेरीज ताडतो, जेथपर्यंत जुळते तेथे खूण करतो आणि चूक त्याच्या पुढच्या पानावर गाठतो. नेटच्या वाटेवरही अशी चारच पाने आहेत : बाहेरून येणारी लाइन, राऊटर, राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर आणि खुद्द कॉम्प्युटर. यांपैकी चूक कोणत्या पानावर आहे, एवढेच शोधावयाचे.

त्यासाठी प्रथम एक वही करावी. नेट गेले की तारीख, वेळ, किती मिनिटे गेले, राऊटरचे दिवे कसे होते आणि त्या वेळी घरात काय चालले होते, एवढे लिहावे. हे आठवडाभर करावे. "सारखे जाते हो" असे सांगितले तर कोणी लक्ष देत नाही. वही पुढे ठेवली तर द्यावे लागते.

आता राऊटरच्या दिव्यांकडे पाहा. सर्व दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील, तर दोष बहुधा विजेचा आहे. राऊटरची पिन सैल असेल, अडॅप्टर कमजोर झाला असेल, किंवा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रीज, मिक्सर आणि राऊटर लावलेले असतील. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडते आणि राऊटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी राऊटर भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला लावून पाहावा. फायबरच्या जोडणीत एलओएस नावाचा दिवा लाल झाला, तर प्रकाशाचा संदेशच घरापर्यंत पोचत नाही. वायर बहुधा कोठे तरी तुटली किंवा दुमडली आहे. ते काम लाइनमनचे. फायबरचे टोक उघडून डोळ्यांजवळ धरू नये. त्यातील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला अपाय करू शकतो. आणि राऊटर फोटोंच्या मागे किंवा बंद शोकेसमध्ये कोंडू नये. तो तापतो आणि तापला की अडखळतो.

दिवे ठीक असूनही कॉम्प्युटरचे नेट गेले, तर त्याच क्षणी त्याच राऊटरच्या वायफायवर मोबाइल चालतो का ते पाहावे. मात्र मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून पाहावे. नाहीतर मोबाइल गुपचूप आपल्या डेटावर चालत राहील आणि आपली फसगत होईल. मोबाइल चालला, तर बाहेरची लाइन सुटली. दोष वायरमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये. मोबाइलही थांबला, तर दोष राऊटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे.

याहून पक्की परीक्षा कॉम्प्युटरवरच करता येते, आणि ती दहावीतले मूलही करील. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून, इंग्रजी अक्षरांत सीएमडी लिहून एंटर करावे. काळी खिडकी उघडते. तिच्यात आयपीकॉन्फिग असे लिहिले की "डिफॉल्ट गेटवे" या शब्दांपुढे राऊटरचा पत्ता दिसतो. पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असा असतो. मग पिंग, एक जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि टी, असे लिहावे. आकडे व अक्षरे इंग्रजीच. आता कॉम्प्युटर राऊटरला दर सेकंदाला हाक मारीत राहतो आणि उत्तर आले की एक ओळ छापतो. अशीच दुसरी काळी खिडकी उघडून तिच्यात राऊटरच्या जागी ८.८.८.८ हा पत्ता घालावा. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता, म्हणजे बाहेरचे जग. दोन्ही चालू ठेवून आपले काम करावे. थांबविण्यासाठी कंट्रोल आणि सी दाबावे.

नेट गेले की दोन्ही खिडक्या वाचा. राऊटरची उत्तरे येत आहेत आणि बाहेरची थांबली, तर घरातली वायर आणि कॉम्प्युटर निर्दोष. पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या, त्यात वेळही दिसू द्या. राऊटरचीच उत्तरे थांबली आणि राऊटरचे दिवे मात्र नेहमीसारखे आहेत, तर वायर आणि कॉम्प्युटर तपासा.

वायर म्हणजे दिसायला एक, पण आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. जोडणीचा वेग १०० असेल तेव्हा त्यांपैकी दोनच जोड्या लागतात. १००० असेल तर चारही लागतात. म्हणून एखादी तार अर्धवट तुटली की कधी जोडणी सुटते, तर कधी १००० वरून १०० वर घसरते. टोकाच्या पारदर्शक पिनेला एक नाजूक जीभ असते. पिन बसविताना टक् असा आवाज आला पाहिजे. जीभ मोडली असेल तर पंख्याच्या वाऱ्यानेही पिन हलते. उंदरांनी कुरतडलेली, खिळे ठोकून चेपलेली किंवा विजेच्या वायरला बांधून नेलेली वायर संशयित समजावी. या वायरची लांबीची मर्यादा १०० मीटर आहे. खोलीच्या घरात तो प्रश्न येत नाही, पण चार इमारतींवरून वायर आली असेल तर विचारावे.

आमच्या शेजारच्या चाळीतील एका घरची गोष्ट येथे सांगतो. वडील सुरक्षा रक्षक, आई घरकाम करते, मुलगी बारावीला. घरी नव्या कॉम्प्युटरसाठी कर्ज काढण्याची बोलणी चालली होती. मुलीने आठ दिवस वही लिहिली. पहाटे पावणेसहा, वडील ड्युटीवर गेले. साडेसहा, आई पाण्याला गेली. दुपारी एक, धाकटा शाळेतून आला. तिसऱ्या दिवशीच तिच्या ध्यानात आले की, नेट जाते तेव्हा घरातून कोणी तरी गेलेले किंवा आलेले असते. राऊटर पडवीत, कॉम्प्युटर आत, आणि वायर दाराच्या चौकटीतून नेलेली. दार लागले की वायर चेपत होती. शेजाऱ्याची वायर एक दिवस उंबरठ्याबाहेरून खिडकीतून आणून पाहिली. दिवसभरात नेट एकदाही गेले नाही. दोनशे रुपयांच्या आत नवी वायर आली, ती खिडकीवरून नेली, आणि कर्जाचे बोलणे संपले. त्या मुलीने कोणताही कोर्स केलेला नव्हता. तिने फक्त वेळ लिहिली.

वायर बदलली, राऊटरचे दुसरे भोक वापरून पाहिले, तरी नेट जातेच, तर मग कॉम्प्युटर. विंडोज कधी कधी वीज वाचविण्यासाठी नेटच्या कार्डालाच झोपविते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स, तेथे वायरच्या कार्डाचे प्रॉपर्टीज, त्यात पॉवर मॅनेजमेंट असेल तर, वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणाऱ्या चौकटीतली खूण काढावी. शेजारच्या अॅडव्हान्स्ड भागात ग्रीन इथरनेट किंवा एनर्जी एफिशियंट इथरनेट असे काही असल्यास ते बंद करून पाहावे. कार्डाचा ड्रायव्हर कॉम्प्युटर बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. एवढे करूनही फरक नसेल, तर यूएसबीला लावावयाचे वेगळे नेटकार्ड कोणाकडून तरी मागून लावून पाहावे. त्यावर नेट टिकले, तर जुने कार्ड गेले असे समजावे. कॉम्प्युटर टाकावयाची गरज नाही.

या सर्वांत एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान एक दिवस वाट पाहावी. वायर, राऊटर आणि ड्रायव्हर एकाच संध्याकाळी बदलले, तर नेट सुधारेल; पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि तीनपैकी दोन खर्च फुकट जातील.

दोष बाहेरच्या लाइनचा ठरला तर तोंडी तक्रारीवर थांबू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्या आणि तो वहीत लिहा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांत तशी तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तुमची वही आणि पडद्याचे फोटो येथे कामास येतात.

शेवटी दोन सूचना. अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आणि भरताना प्रत्येक पानावर जपून ठेवण्याचे बटण दाबत चला. दुसरे असे की, चालणारी म्हणून खात्री झालेली एक पाच-सात मीटरची वायर वर्गणी काढून वस्तीच्या अभ्यासिकेत ठेवा. कोणाच्याही घरी नेट जाऊ लागले की ती न्यावी, एक दिवस लावून पाहावी आणि परत आणून ठेवावी. कोणी नेली, कधी परत आणली, याची नोंद मात्र राहू द्या.