आठवणींचा रंग आणि डागडुजीची वही

मुंबईतील अनेक कुटुंबांच्या जुन्या अल्बमांत गोराईच्या एस्सेलवर्ल्डचे एखादे तरी छायाचित्र सापडते. बोटीने खाडी ओलांडताना वाऱ्यावर उडणारी ओढणी, घरून नेलेला थेपल्यांचा डबा आणि पाळण्यासमोरच्या लांब रांगेत वडिलांचे बोट धरून उभे असलेले मूल, असे काहीसे ते चित्र असते. १९८९ मध्ये सुरू झालेले ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. अल्बम उघडला की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते, "तेव्हासारखी स्वच्छता आणि तेव्हासारखी मजा आता कुठेच राहिली नाही." वाक्य मनापासूनचे असते. परंतु त्या दिवशी पाळण्याच्या खांबाला गंज होता की नव्हता, हे त्या मुलाने पाहिलेले नसते. आठवण आनंदाची नोंद ठेवते, गंजाची ठेवत नाही.

आठवण आणि वास्तव यांतील हे अंतर मोजण्यासाठी अमेरिकेतील डिस्नेलँडइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे हे उद्यान १९५५ पासून चालू आहे. त्याच्या प्रत्येक दशकातील रंगरंगोटीवर आणि दुरुस्तीवर तेथील नियमित पाहुण्यांनी बारीक नजर ठेवली आहे.

या उद्यानाची कल्पनाच अस्वच्छतेच्या तिटकाऱ्यातून निघाली, असे म्हणण्यास हरकत नाही. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील फिरत्या घोड्यांवर बसवून स्वतः बाकावर बसून राहत असत. मुले आणि आईवडील एकत्र रमतील अशी स्वच्छ जागा असू नये काय, हा प्रश्न त्यांना तेथे पडला. पुढे १९५१ मध्ये त्यांनी कोपनहेगनचे टिवोली उद्यान पाहिले. १८४३ पासून चालू असलेल्या त्या बागेतील टापटीप त्यांच्या मनात ठसली. संत्र्यांच्या बागांच्या १६० एकर जमिनीवर, सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर खर्चून, अवघ्या एका वर्षात डिस्नेलँड उभे राहिले.

"वॉल्ट यांच्या काळी असे नव्हते", असे आज म्हणणाऱ्यांनी १७ जुलै १९५५ हा उद्घाटनाचा दिवस आठवून पाहावा. बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन हजारो लोक आत शिरले. नुकतेच घातलेले डांबर उन्हाने मऊ झाले आणि स्त्रियांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे यांपैकी एकच काम वेळेत पूर्ण होणार होते. वॉल्ट यांनी स्वच्छतागृहे निवडली. पाहुणे मात्र तहानेने व्याकूळ झाले आणि शीतपेये खपावीत म्हणूनच नळ बंद ठेवले, असा आरोप करू लागले. वायुगळतीमुळे एक विभाग काही काळ बंद ठेवावा लागला. भविष्यातील जगाचा विभाग इतका अपुरा होता की रिकाम्या जागा फुगे आणि पताकांनी झाकल्या होत्या. एका कालव्याच्या काठी माजलेले रानगवत उपटण्यास वेळ नव्हता, तेव्हा त्याच्यापुढे लॅटिन वनस्पतिनामांच्या पाट्या रोवण्यात आल्या, अशी हकिकत प्रसिद्ध आहे.

पुढेही सारे सुरळीत होते असे नाही. घोडागाड्यांची सफर १९५९ मध्ये बंद करावी लागली. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या तबकड्यांचा खेळ १९६१ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झाला आणि सततच्या बिघाडांमुळे १९६६ मध्ये काढून टाकण्यात आला. हे सारे संस्थापकाच्या डोळ्यांदेखत घडत होते. तेव्हा "सुवर्णकाळ निर्दोष होता" हे म्हणणे कागदपत्रांच्या कसोटीला उतरत नाही.

तरीही त्या काळाला मान दिला जातो आणि त्याला आधार आहे. दोष दिसला की तो दूर करण्याची व्यवस्था तेव्हा उभी केली गेली. सुरुवातीला बाहेरच्या कंत्राटदाराकडे असलेली सफाई वॉल्ट यांनी लवकरच आपल्या हाती घेतली आणि स्वतःचा सफाई विभाग निर्माण केला. झाडू मारणाऱ्या माणसालाही नीटनेटका पोशाख आणि रीतसर प्रशिक्षण मिळू लागले. फरशीला चिकटतो म्हणून च्युइंगगम उद्यानात विकायचाच नाही, असे ठरले. रात्री दरवाजे बंद झाले की दुसरी फौज कामाला लागे. रस्ते धुतले जात, फिरत्या घोड्यांचे पितळी दांडे घासले जात, उडालेला रंग पहाटेपूर्वी पुन्हा चढे. याशिवाय गर्दी कमी असलेल्या हंगामात सोमवार आणि मंगळवार असे दोन दिवस उद्यान बंदच असे. यंत्रे उघडून पाहण्यास ते दोन दिवस मिळत. पाहुण्यांना त्या बंद दिवसांची आठवण नाही, कारण ते तेव्हा तेथे नव्हतेच. त्यांच्या आठवणीतील झळाळी मात्र बरीचशी त्याच दिवसांची कमाई होती.

१९८५ पासून उद्यान वर्षाचे सर्व दिवस उघडे राहू लागले. व्यापाराच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. मागणी होती, दरवाजे बंद ठेवण्यात अर्थ नव्हता. परंतु त्यामुळे दुरुस्तीसाठी केवळ रात्रीचे काही तास उरले आणि गर्दी तर वाढतच गेली. आज तेथे वर्षाला दीड कोटीहून अधिक लोक येतात. पायऱ्या, कठडे, चाके आणि रूळ यांची झीज पावलांच्या संख्येने होते. त्यांना वर्धापनदिनाची कल्पना नसते.

१९९० च्या दशकात पॅरिसजवळच्या नव्या उद्यानाच्या तोट्याने कंपनी सावध झाली. १९९४ मध्ये दुकानांच्या व्यवसायातून आलेले पॉल प्रेसलर डिस्नेलँडचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत खर्चाकडे अधिक कठोरपणे पाहिले जाऊ लागले. रंग उडालेला दिसतो, विझलेले दिवे तसेच राहतात, अशा तक्रारी जुने पाहुणे आणि जुने कर्मचारी करू लागले. १९९५ मध्ये बंद केलेल्या संथ गाडीच्या मार्गावर १९९८ मध्ये वेगवान गाड्या सोडण्यात आल्या. जुना मार्ग वेगासाठी बांधलेला नव्हता. गाड्या वारंवार बंद पडल्या आणि दोन-अडीच वर्षांत तो खेळ गुंडाळावा लागला.

हिशेब जाणणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. दुरुस्तीचा खर्च हा महसुली खर्च होय. तो कमी केला की त्याच वर्षी नफा तेवढ्याने वाढतो आणि अधिकाऱ्याची वाहवा होते. न केलेल्या दुरुस्तीची नोंद मात्र कोणत्याही खात्यावर होत नाही. घसारा काढला जातो, पण तो ठरलेल्या दराने काढला जातो. सैल झालेला खिळा त्या दरात मोजलेला नसतो. पुढे ढकललेली दुरुस्ती हे एक प्रकारचे कर्जच आहे. त्याला सावकार नाही, हप्ता नाही आणि ताळेबंदात जागाही नाही. व्याज मात्र आहे, आणि ते बहुधा पुढच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत फेडावे लागते.

कधी ते पैशांत फिटत नाही. २४ डिसेंबर १९९८ रोजी उद्यानातील शिडाचे जहाज धक्क्याला लावताना दोर बांधण्याची लोखंडी खुंटी उखडून गर्दीत आदळली आणि एक पाहुणा मृत्यू पावला. अपुरे प्रशिक्षण हे कारण पुढे आले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायमस्वरूपी उद्यानांतील यंत्रांच्या सरकारी तपासणीचा कायदा केला. ५ सप्टेंबर २००३ रोजी बिग थंडर माउंटन या डोंगरी गाडीचे इंजिन बोगद्यात घसरले. बावीस वर्षांचा एक तरुण प्राणास मुकला आणि दहा जण जखमी झाले. देखभालीचे काम नियमाप्रमाणे झाले नव्हते, चाकाच्या जुळणीतील बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते, असे सरकारी चौकशीत आढळले. गाडीतून विचित्र आवाज येत असल्याचे लक्षात येऊनही तिला आणखी एक फेरी करू दिली गेली होती. खर्चकपात आणि हा अपघात यांत सरळ रेषा ओढणे न्यायाचे होणार नाही. परंतु "आणखी एक फेरी" या दोन अंगुळांच्या सवलतीची किंमत एका घराने कायमची मोजली, हे विसरता येत नाही.

प्रेसलर २००२ मध्येच कंपनी सोडून गेले होते. २००३ च्या अखेरीस मॅट विमेट यांनी सूत्रे हाती घेतली. २००५ मध्ये उद्यानाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती, तेव्हा इमारतींना नव्याने रंग लागला. अंतराळ-पर्वत या खेळाचा मार्ग संपूर्ण नवा बांधून तो जुलै २००५ मध्ये पुन्हा सुरू झाला. १९९८ मध्ये फासलेला त्याचा तपकिरी रंग जाऊन मूळचा पांढरा रंग परतला. म्हणजे पन्नासाव्या वर्षीचे उद्यान चाळिसाव्या वर्षानंतरच्या उद्यानापेक्षा चांगले होते. उतार हा काळाचा नियम नसून माणसांच्या निर्णयांचा परिणाम असतो, याला हा पुरावा पुरेसा आहे.

मग जुन्या पाहुण्यांच्या तक्रारींचे काय करावे? त्या दोन प्रकारच्या असतात. "माझ्या लहानपणीची संथ गाडी काढून टाकली" ही एक. "कठड्याचा रंग उडाला आहे, चाकाचा आवाज येतो" ही दुसरी. पहिली मायेची आहे. ती आदराने ऐकावी, पण तिच्यासाठी उद्यान थांबू शकत नाही. दुसरी वास्तवाची आहे आणि ती त्याच दिवशी नोंदवहीत गेली पाहिजे. घोटाळा असा होतो की दोन्ही तक्रारी बहुधा एकाच वृद्ध माणसाच्या तोंडून, एकाच सुरात निघतात. पहिलीला कंटाळलेला तरुण व्यवस्थापक दुसरीकडेही पाठ फिरवतो.

व्यापारी घरांत हा प्रसंग अनोळखी नाही. पेढीवर आलेला मुलगा नवा हिशेब मांडतो, तेव्हा वडील म्हणतात, "आमच्या वेळी दिवाळीआधी गोदामाची वायरिंग तपासल्याशिवाय मी वहीपूजन केले नाही." मुलाला त्यात जुन्या दिवसांचे कौतुक तेवढे ऐकू येते. कदाचित वडिलांच्या काळीही एखादे वर्ष तपासणी चुकली असेल आणि आठवणीने ते झाकले असेल. वाद आठवणीवर सुटणार नाही. भिंतीवर एक साधी वही टांगावी. लिफ्ट, विजेच्या तारा, शटर, छताची गळती आणि अग्निशामक नळकांडे, प्रत्येकापुढे तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याची सही असावी. वडिलांचे म्हणणे खरे असेल तर वही ते सिद्ध करील. खरे नसेल तर निदान या वर्षापासून ते खरे होईल.

एस्सेलवर्ल्डच्या छायाचित्रातील त्या मुलाचे हसू खरे होते. ते हसू सुखरूप घरी परतले, कारण त्या दिवशी पहाटे कोणी तरी पाळण्याचे बोल्ट आवळून पाहिले होते. त्या माणसाचे छायाचित्र अल्बमात नाही.