पंचवीस लिटर उकळते पाणी

आंदर मावळात टाकवे बुद्रुकला एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे केंद्र आहे. समोरचा अडथळा ओळखून गाडीने आपणहून ब्रेक लावायचा, अशा यंत्रणांची परीक्षा घेणारा खास ट्रॅक तिथे २०२५ मध्ये सुरू झाला. खाली तळेगावच्या अंगाला नानोलीत खासगी रेस ट्रॅक उभा राहिला आहे आणि पलीकडे चाकणला ब्रेम्बो या इटालियन ब्रेक कंपनीचा कारखाना आहे. ब्रेक तपासणारे, झिजवणारे आणि घडवणारे असे तिघेही एका दुपारीत हिंडून पाहता यावेत, असा मुलूख देशात क्वचितच सापडेल. चौथे गिऱ्हाईक मात्र रस्त्यावरच असते. रविवारी उजाडता उजाडता मुंबई-पुण्याहून निघालेल्या स्पोर्ट्‌स कार चाकांच्या आडून ब्रेकची डिस्क आवळणारे लाल कॅलिपर चमकवत लोणावळ्याच्या घाटात येतात, नाहीतर कान्हे फाट्यावरून आत वडेश्वरच्या बाजूला वळतात. यांच्या मालकांना बाजारात तीन प्रकारचा माल दाखवला जातो : रोजच्या वापराचा, ट्रॅकचा आणि या दोहोंच्या मधला, ‘फास्ट रोड’ नावाचा. हा मधला प्रकार असूच नये, असे माझे म्हणणे आहे. ट्रॅकवर जाणाऱ्याने ब्रेक सुधारलेच पाहिजेत. पण ती सुधारणा ज्या कामासाठी असते, ते काम सार्वजनिक रस्त्यावर निघतच नाही. आणि निघालेच, तर खोट ब्रेकमध्ये नसते.

ब्रेकचे काम म्हणजे वेगाची उष्णता करणे आणि ती हवेत सोडून देणे. सगळा प्रश्न या दुसऱ्या अर्ध्या कामाचा आहे. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर साधारण ५८० किलोज्यूल उष्णता तयार होते. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. आता हीच गाडी बोरघाटातून लोणावळ्याहून खोपोलीला उतरवा. उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटरचा. इंजिनाची अजिबात मदत न घेता, न्यूट्रलमध्ये, केवळ ब्रेकवर उतरवली तर आठ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता चार चाकांनी पचवायची. एवढ्यात पंचवीस लिटर पाणी उकळते. वाऱ्याचा विरोध आणि टायरचे घर्षण त्यातला काही वाटा उचलतात, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर उरलेल्यातला मोठा वाटा इंजिन उचलते, आणि उतरायला पंधरावीस मिनिटे लागत असल्याने डिस्कला मधूनमधून श्वासही घेता येतो. म्हणूनच हजारो साध्या गाड्या रोज तो घाट काहीही न बदलता उतरतात.

ट्रॅकचे गणित ताडून पाहण्याजोगे आहे. समजा एका फेरीत सहा वळणे अशी आहेत की १६० च्या वेगाने यायचे आणि ६० वर उतरून वळायचे. दर वेळी सव्वा मेगाज्यूलहून थोडी जास्त उष्णता. सहा वळणांची साडेसात मेगाज्यूल. म्हणजे अख्खा बोरघाट दोन मिनिटांत. तिथे इंजिन ब्रेकिंगचा आधार नावापुरता, दोन वळणांच्या मध्ये गार व्हायला काही सेकंद, आणि पंधरावीस मिनिटांच्या एका सत्रात अशा आठदहा फेऱ्या. कंपनीने शहर आणि हायवे डोळ्यांपुढे ठेवून बसवलेले ब्रेक इथे तिसऱ्याचौथ्या फेरीला रडकुंडीला येतात. यात कंपनीची लबाडी नाही. तिने ब्रेक या कामासाठी बनवलेलेच नसतात.

मग सुधारलेला ब्रेक नेमके काय देतो? गाडी कमी अंतरात थांबते, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. आजच्या कोणत्याही धडधाकट गाडीत जोराने पेडल दाबले की चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा थरथरू लागते. याचा अर्थ ब्रेकने टायरची पकड संपवली. त्यापुढे सहा पिस्टनचा कॅलिपर लावा की आठचा, रस्त्याशी संबंध टायरच्या चार तळव्यांएवढ्या ठशांचाच. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरांनी १०० वरून थांबायला चव्वेचाळीस मीटरच्या आसपास लागतात. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर आली की ऐंशीच्या घरात. जुलैत टाकव्याच्या पुढे भातखाचरांतली चिखलणी आटोपून लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर डांबरावर चढतो आणि मागे तांबड्या चिखलाचे दोन पट्टे सोडत जातो. त्या पट्ट्यांवर साडेचार लाखांचा ब्रेक आणि साडेचार हजारांचा ब्रेक यांची लायकी एकच. त्यात चालकाला धोका दिसून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर १०० च्या वेगाला जवळपास अठ्ठावीस मीटर आधीच सरलेले असतात. त्यावर कोणतेही दुकान औषध विकत नाही.

सुधारलेल्या ब्रेकची खरी देणगी एकच : पहिल्यांदा जसा लागला तसाच विसाव्यांदाही लागणे. डिस्क ब्रेकने आपले नाव याच गुणावर कमावले. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्यांना डिस्क ब्रेक होते. ड्रम ब्रेकवाले प्रतिस्पर्धी आपले तापलेले ब्रेक जपत असताना जॅग्वारचे चालक प्रत्येक फेरीला सरळ रस्त्याच्या टोकापर्यंत वेग राखून उशिरा ब्रेक लावू शकत होते. शर्यत त्यांनी जिंकली. हा सातत्याचा गुण ट्रॅकवर अमूल्य आहे. रस्त्यावर मात्र तो कधी लागेल? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला वेगमर्यादा सपाटीवर १०० आणि घाटात ६०. साठवरून पूर्ण थांबताना पुढच्या डिस्कचे तापमान पंधराएक अंशांनी वाढते. शंभरवरून साधारण पंचेचाळीस. एखाद्याला घाटात ब्रेक जळल्याचा वास येत असेल, पेडल लांब जात असेल, तर तो एकतर चुकीच्या गिअरमध्ये उतरतो आहे किंवा ट्रॅकची चाल रस्त्यावर चालतो आहे. पहिल्याचा इलाज फुकट आहे. दुसऱ्याला मोठा ब्रेक देणे म्हणजे त्याची चूक आणखी वरच्या वेगाला नेऊन ठेवणे.

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी बोलायचे, तर त्यांचीही खरेदी बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. आधी हात जातो तो मोठ्या डिस्क आणि रंगीत कॅलिपरकडे, कारण ते दिसतात. निकामी होणाऱ्या गोष्टींचा क्रम वेगळा आहे. सगळ्यात आधी हार मानते ते ब्रेक ऑइल. नाव ऑइल असले तरी ते तेल नव्हे, ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि त्याला पाण्याची भारी ओढ. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून ते हवेतली ओल पीत राहते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलला किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ वर येते. लोणावळ्यासारख्या हवेत, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, तिथे दोनतीन वर्षे न बदललेल्या ऑइलची कल्पनाच केलेली बरी. कॅलिपरमध्ये ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट तळाला जातो. पेडल तळाला गेल्यावर लाल रंग उपयोगी पडत नाही. त्यानंतर पाळी पॅडची. रोजच्या पॅडमधले राळेसारखे बांधणीद्रव्य अति तापले की वायू सोडते, पेडल दगडासारखे कडक लागते आणि गाडी मात्र थांबत नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत, हे एकही नवे सामान घेण्याआधी कळायला हवे.

म्हणून ट्रॅकच्या दिवसासाठी आधी ताजे, वरच्या उत्कलनबिंदूचे ऑइल आणि नळ्यांतली हवा नीट काढणे, मग ट्रॅकचे पॅड, ते बेताबेताने तापवून डिस्कवर बसवून घेणे, मग टायर. मोठ्या डिस्क या सगळ्यांनंतर, तेही सत्रामागून सत्र डिस्क तापून तडकू लागली तर. जास्त वजनाची डिस्क जास्त उष्णता साठवते एवढे खरे. पण पुढे मोठे कॅलिपर बसवून मागचे तसेच ठेवले की पुढच्या-मागच्या चाकांतला ब्रेकचा तोल बिघडतो. पुढची चाके लवकर अडखळतात, मागची अर्ध्या ताकदीने काम करतात आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले आणि मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडलही लांबते. भोके पाडलेली डिस्क दिसायला देखणी, पण ट्रॅकवर चिरा त्या भोकांपासूनच सुरू होतात. सगळ्यात करुण प्रकार ॲक्सेसरीजच्या दुकानात टांगलेला असतो : मूळ कॅलिपरवर चिकटवायचे लाल प्लॅस्टिकचे टोपण, वर मोठ्या कंपनीचे नाव. ब्रेकला हवा लागू नये याची सोय पैसे देऊन करून घ्यायची, याला काय म्हणावे!

‘जास्त चांगला ब्रेक रस्त्यावर असला तर बिघडले कुठे?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण ट्रॅकचा पॅड हा ‘जास्त चांगला’ नसून वेगळ्या तापमानाचा पॅड आहे. गरम झाल्यावर तो चावतो, गार असताना सुस्त असतो. सकाळी सोसायटीच्या फाटकातून निघालेल्या गाडीपुढे पोर धावत आले, तर त्या पहिल्या ब्रेकला तो रोजच्या पॅडपेक्षा मागे पडण्याची शक्यता अधिक. शिवाय किंचाळतो आणि डिस्क खातो. बदली पॅडसाठी युरोपात आर-९० नावाचा नियम आहे. त्याचा रोख मला फार शहाणपणाचा वाटतो : बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत हवी, खाली तशीच वरही. फाजील जोर हादेखील तिथे दोषच, कारण एबीएस आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा मूळ ब्रेकच्या स्वभावावर बेतलेली असते. ‘फास्ट रोड’वाले सांगतील की आम्ही गार-गरम दोन्हींत चालणारा सुवर्णमध्य काढला आहे. तसे पॅड आहेतही, आणि जोरकस इंजिनांच्या गाड्यांना कंपन्या स्वतःच त्या जातीचे पॅड देतात. म्हणजे ज्या गाडीला मध्यम मार्ग हवा, तिला तो कारखान्यातच मिळालेला असतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की ट्रॅक आहेत किती? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूर, नोएडाजवळचे बुद्ध सर्किट अशी मोजकी नावे. त्यांतले एकही मुंबई-पुणेकराच्या हाकेच्या अंतरावर नव्हते. मग हौशी माणसाने घाटच गाठला, यात नवल काय? ही तक्रार बरीच वर्षे खरी होती. नानोलीने तिची धार बोथट केली आहे. दिवसाचे पैसे मोजावे लागतात हे मान्य, पण एका संच डिस्क-कॅलिपरच्या किमतीत असे कित्येक दिवस निघतात. आणि फुकट वाटणाऱ्या घाटाचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो : वडेश्वरच्या रस्त्याने डोक्यावर गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईच्या, वळणापलीकडे उभ्या म्हशींच्या, कामावर निघालेल्या दुचाकीवाल्याच्या. श्रीमंतांच्या छंदाला वर्तमानपत्रात जागा कशाला, असे विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर.

कायद्याने मात्र या विषयात थोडी नेमकी भाषा बोलायला हवी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते ठामपणे सांगितले. मोठे कॅलिपर या चौकटीत कुठे बसतात यावर वाद घालता येईल, पण ताजे ऑइल आणि योग्य दर्जाचे पॅड घालणाऱ्या जबाबदार माणसालाही आज ‘हा माल तपासलेला आहे’ असे खात्रीने सांगणारी, गिऱ्हाइकाला कळेल अशी खूण सहज मिळत नाही. आर-९० सारखी, ‘रस्त्यासाठी’ आणि ‘फक्त ट्रॅकसाठी’ असे ठळक छापायला लावणारी व्यवस्था आपल्याकडे हवी. ती तपासू शकणारे लोक टाकव्याला बसलेलेच आहेत. दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त. ब्रेक ऑइलमधली ओल पाहणारी पेनाएवढी तपासणी-कांडी काहीशे रुपयांना मिळते. टाकीत बुडवली की हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा लागतो. तिचा अंदाज ढोबळ असतो, आणि टाकीपेक्षा कॅलिपरमधले ऑइल बहुधा जास्त बिघडलेले असते, हे जमेस धरूनच तिचे ऐकावे. पीयूसीच्या खोपटात धुराची नळी काढून गुंडाळेपर्यंत हे काम उरकेल. पावसाळा संपताना वॅगन-आर असो की पोर्शे, दोघींचे बॉनेट त्यासाठी सारखेच उघडावे लागेल.