आधी एन्झाइमची मात्रा तपासू

जुनाट स्वादुपिंडदाहाचा रुग्ण आपल्याकडे येतो तोवर त्याची फाइल जाडजूड झालेली असते. दुखणे थांबत नाही, वजन उतरलेले, अनेकदा मधुमेहही जडलेला. अशा वेळी ‘स्टेम सेलने स्वादुपिंड नवे होईल’ असे कुणी म्हटले, तर घरचे जमीन गहाण टाकायला निघतात. त्यांना आपणच स्पष्ट उत्तर द्यायला हवे.

तंतुमय झालेली ग्रंथी स्टेम सेलने पूर्ववत होते, असा माणसांतला पुरावा आज नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात झालेला प्रयोग वेगळा आहे. स्वादुपिंड पूर्ण काढून त्यातली इन्सुलिन बनवणारी बेटे रुग्णाच्याच यकृतात सोडण्याची शस्त्रक्रिया मिनेसोटात १९७७ साली सुरू झाली. या बेटांबरोबर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल दिल्या तर ती अधिक टिकतील का, हे दक्षिण कॅरोलिनात पाहिले गेले, तेही सुरुवातीला तीन रुग्णांत. ग्रंथी तिथेही वाचलेली नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारखे मान्य उपयोग वगळता स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. म्हणून रुग्णाला एवढे नक्की सांगा: चाचणीचा सीटीआरआय क्रमांक विचारा, आणि पैसे मागितले तर उठून या.

पूरकांबाबत मात्र सरसकट नकार देता येत नाही. दिल्लीच्या एम्समधील २००९ च्या चाचणीत १२७ रुग्ण होते. सेलेनियम, क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन व मेथिओनिन यांचे मिश्रण सहा महिने घेतलेल्यांपैकी ३२ टक्के वेदनामुक्त झाले. प्लासिबो गटात हे प्रमाण १३ टक्के होते. पुढे २०१२ मध्ये मँचेस्टरच्या ७० रुग्णांत रक्तातली अँटिऑक्सिडंट्स वाढली, दुखणे मात्र हलले नाही. दिल्लीचे रुग्ण तरुण होते, बहुतेकांत दारू हे कारण नव्हते. मँचेस्टरमध्ये दारूचे रुग्ण जास्त होते. आमचे मत असे, की न पिणाऱ्या, कुपोषित तरुण रुग्णाला हेच मिश्रण सहा महिने देऊन पाहावे आणि गुण नसेल तर बंद करावे. ‘पॅन्क्रियाज टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीला हा पुरावा लागू होत नाही. बिडी-सिगारेट सुटणे कोणत्याही पूरकाहून महत्त्वाचे.

खरी हेळसांड होते ती एन्झाइमच्या बाबतीत. विष्ठा तेलकट, तरंगणारी. आणि चिठ्ठीवर दहा हजार युनिटची एक कॅप्सूल, दिवसातून दोनदा, जेवणानंतर! मुख्य जेवणाला लायपेज किमान ४० ते ५० हजार युनिट हवे, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे. पहिल्या घासाबरोबर सुरुवात, जेवण लांबले तर उरलेली कॅप्सूल मध्येच. तेवढ्याने भागले नाही तर आम्ल कमी करणारे औषध जोडावे. एवढे न करता तेल-तूप तोडले, की उरलेसुरले वजनही जाते. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासणेही राहून जाते.

आणखी एक गोष्ट आपण टाळतो. ही एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात. मुस्लिम वा शाकाहारी कुटुंबाला हे दुसऱ्याकडून कळले, तर कॅप्सूल गुपचूप बंद होते आणि वजन का घटते आहे हे आपल्याला कळत नाही. पहिल्याच भेटीत सांगा, पर्याय किती तोकडे आहेत तेही सांगा, आणि निर्णय त्यांना घेऊ द्या.