टाळ्यांनाही गुण हवेत

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातले सर्वोत्तम पथक कोणते, हे ठरवताना २०२२ साली केंद्र सरकारने प्रथमच ‘मायगव्ह’ या संकेतस्थळावरून जनतेचाही कौल मागितला आणि एका संचलनाचे दोन निकाल लागले. सेनादलांच्या पथकांत परीक्षकांनी नौदलाला निवडले, लोकांनी हवाई दलाला. चित्ररथांत परीक्षकांची पसंती उत्तर प्रदेशाला मिळाली, तर लोकांची महाराष्ट्राच्या जैवविविधतेच्या चित्ररथाला. दोन्ही निकाल शेजारी शेजारी जाहीर झाले आणि त्याने कोणाचेही बिघडले नाही. वाद्यपथकांच्या स्पर्धांत मात्र प्रेक्षक अजून टाळ्यांपुरताच आहे. शालेय बँडपथकांची राष्ट्रीय स्पर्धा घ्या किंवा गणेशोत्सवाच्या आगेमागे होणाऱ्या ढोल-ताशा स्पर्धा घ्या. निकालपत्रकावर त्याची खूण कुठेच नसते. ती असायला हवी. प्रश्न आहे तो तिला किती जागा द्यायची आणि कोणत्या अटीवर, हा.

चालता चालता वाजवण्याच्या या कलेचे गुणांकन सर्वांत बारकाईने झाले ते अमेरिकेत. तिथल्या युवा पथकांनी माजी सैनिकांच्या संघटनांच्या नियमांना कंटाळून ‘ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल’ ही आपली संस्था काढली आणि १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथे पहिले अजिंक्यपद भरवले. त्या काळी परीक्षक चुका मोजत. एखादा सूर घसरला, एखादे पाऊल चुकले की गुणाचा दहावा हिस्सा वजा. सगळे लक्ष दोष शोधण्याकडे. ऐंशीच्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली आणि पथकाने काय साधले याला गुण मिळू लागले. आज तिथे शंभरपैकी तीस गुण संगीताला, तीस दृश्य रचनेला आणि तब्बल चाळीस ‘एकूण परिणामा’ला असतात.

हे चाळीस गुणच प्रेक्षकाच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहेत. परिणाम होतो तो कोणावर? मैदानाभोवती बसलेल्या हजारो माणसांवर. त्याचे मोजमाप मात्र करतात मोजके परीक्षक. पितळी वाद्यांचा मेळ जुळला का, ताशाची तर्री स्वच्छ उतरली का, वळताना रांग वाकली का, हे सांगायला तयार कान आणि सरावलेला डोळा लागतो. तिथे परीक्षकाला पर्याय नाही. पण अंगावर काटा आला का, याचे उत्तर ज्याच्या अंगावर तो यायचा त्याला न विचारताच लिहिले जाते. परिणामी पथके हळूहळू गुणपत्रिकेसाठी वाजवू लागतात. २००४मध्ये ध्वनिवर्धनाला आणि २००९मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना मुभा मिळाल्यावर अमेरिकेतल्या जुन्या रसिकांनी तक्रारी केल्या. पण तक्रार नोंदवायला निकालात त्यांना जागाच नव्हती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९९३ साली ‘स्टार ऑफ इंडियाना’ या पथकाने बार्बर आणि बार्टोक यांच्या आधुनिक संगीतावर उभा केलेला प्रयोग अनेक प्रेक्षकांच्या पचनी पडला नाही. काही ठिकाणी त्याची हुर्यो उडवली गेली. परीक्षकांनी त्याला दुसरा क्रमांक दिला, तोही दशांश गुणाच्या फरकाने. पुढे त्याच पथकातून ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला, ब्रॉडवेवर गेला आणि २००१मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. १९९३चा तो कार्यक्रम तर आज या क्षेत्राला वळण देणारा मानला जातो. निकाल केवळ प्रेक्षकांच्या हाती असता, तर नवे काही करून पाहण्याची हिंमत पुढच्या पथकांनी केली असती का? ओळखीचे गाणे आणि ओळखीचा ठेका हमखास टाळ्या घेतो. परीक्षकाचे काम अनोळखीला संरक्षण देण्याचेही असते.

त्याहून मोठा धोका आहे तो घरबसल्या केलेल्या मतदानाचा. २००७च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये कोलकाता पोलिसांच्या वाद्यवृंदात गाणारा प्रशांत तमांग विजयी झाला, तेव्हा दार्जिलिंगच्या डोंगरात त्याच्यासाठी एसएमएसची मोहीमच उघडली गेली होती. त्या मोहिमेत पुढे आलेल्या बिमल गुरुंग यांनी काही दिवसांतच गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. गाण्यासाठी जमवलेली मते राजकारणाच्या कामी आली. युरोव्हिजन गीतस्पर्धेत आपल्याच देशाला मत देता येत नाही, तरीही एका माणसाला वीस मते देण्याची मुभा इतकी वादग्रस्त ठरली, की २०२६साठी ती दहावर आणावी लागली. आपल्याकडे चित्ररथांच्या लोकपसंतीत २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे गुजरात पहिला आला, तर परीक्षकांच्या यादीत त्याच काळात उत्तराखंड, ओडिशा आणि उत्तर प्रदेश अव्वल ठरले. गुजरातचे चित्ररथ देखणे नव्हते, असे म्हणण्याचे कारण नाही. पण ऑनलाइन मतांत कलेचा वाटा किती आणि आपल्या राज्याच्या अभिमानाचा किती, हे वेगळे काढण्याची सोय त्या पद्धतीत नाही. शिवाय पडद्यावरच्या प्रेक्षकाला कॅमेरा दाखवील तेवढेच दिसते आणि ध्वनिमिश्रण करणारा ऐकवील तेवढेच ऐकू येते.

म्हणून प्रेक्षकांना कौल द्यावा, पण तो मैदानात. प्रवेशपत्रिकेसोबतच मतपत्रिका द्यावी आणि सर्व पथके वाजवून झाल्यावरच ती गोळा करावी, म्हणजे एकच पथक ऐकून उठून जाणाऱ्याचे मत आपोआप गळेल. आपल्या शाळेच्या, मंडळाच्या किंवा राज्याच्या पथकाला मत देता येणार नाही, हा युरोव्हिजनचा नियम जसाच्या तसा उचलावा. एकच नाव न मागता पहिली तीन पसंतिक्रमाने मागावीत, म्हणजे गर्दी जमवून आणणाऱ्याचा फायदा कमी होतो. या मतांचे वजन एकूण गुणांच्या दशांशापेक्षा जास्त नसावे आणि ते फक्त ‘एकूण परिणाम’ या सदरात धरले जावे. वादन, ताल आणि कवायत यांच्या गुणांना त्याचा स्पर्शही होऊ नये. परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा तक्ता वेगवेगळा जाहीर व्हावा, म्हणजे दोघांत किती अंतर पडले ते सर्वांना दिसेल.

शालेय स्पर्धेत मुलांवर लोकप्रियतेचे ओझे कशाला, असा आक्षेप येईल. पण लोकांसमोर वाजवायचे, तर लोकांना काय वाटले हे कळणे हा शिक्षणाचाच भाग आहे. कवायतीत काटेकोर असलेल्या पथकाला आपण प्रेक्षकांपर्यंत पोहोचलो नाही हे समजले, आणि मैदान डोक्यावर घेणाऱ्या पथकाला आपला ताल कच्चा आहे हे समजले, तर दोघांचेही भलेच होईल. सुरुवात संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयांनी आपल्या शालेय बँड स्पर्धेपासून करावी. ढोल-ताशांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना तर त्यासाठी कोणत्याही मंत्रालयाची वाट पाहण्याची गरज नाही. पहिली दोन वर्षे मते निकालात न धरता नुसती जाहीर करावीत. परीक्षक आणि प्रेक्षक यांचे कुठे जुळते आणि कुठे फाटते याचा अंदाज तेवढ्यात येईल. तिसऱ्या वर्षापासून मात्र टाळ्यांची नोंद गुणपत्रिकेवर झालीच पाहिजे.